आईच्या हातांवर आळ

अन्याय माझ्या आईवर झाला आहे. यंदाच्या होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मोखाड्याच्या बाजारात, चहाच्या टपरीसमोर झाला. ज्या ठेकेदाराच्या हुकमावरून माझा पाय मोडला, तो हातात चहाचा ग्लास धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पहारीनं कोण मरतं का? पोर मरत होती ती आईच्या हातानं." आणि लोक हसले. होळीला भिवंडीहून, वसईहून घरी आलेले आमचेच लोक.

आई तिथेच मीठ आणि सुकट घेत होती. तिने पिशवी उचलली आणि घरी आली. हे मला शेजारणीने सांगितलं.

पाय माझा, मग आईचं नाव आधी का, असं कोणी विचारेल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

भात झोडून झालं की आमचा पाडा रिकामा होतो. धडधाकट माणसं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. माझे वडीलही गेले होते. मागे म्हातारे, बायका, पोरं आणि माझ्यासारखी एखादी, जी पत्रकं लिहिते आणि लोकांच्या डोळ्यात खुपते. नेमका तोच मुहूर्त ठेकेदाराने साधला. ओहोळावरचा जुना साकव त्याने पाडला आणि नव्याचा पाया भरायला घेतला. पाहायला गेले तर खड्ड्यात नुसते दगड. सळई एक नाही. वरून काँक्रीट ओतलं की आत काय आहे ते देवालाही दिसणार नव्हतं. पावसाळ्यात शाळेची पोरं त्याच साकवावरून जातात.

मी खड्ड्यात उतरून बसले. माझ्यामागे चारदोन बायका काठावर बसल्या.

"बाय, बाहेर ये," ठेकेदार म्हणाला.

"सळ्या दाखव, येते."

"सळ्या काय तुझ्या लग्नात लावू?"

"माझी वरात ह्याच साकवावरून जाणार आहे. लाव की."

काठावरच्या बायका खदखदून हसल्या. त्या हसण्यानेच त्याचं डोकं फिरलं. त्याने मागे वळून मुकादमाला सांगितलं, "हटव हिला. हटत नसली तर ठोक." हा मुकादम माझा चुलत भाऊ. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेलो. त्याच्या हातात पहार होती.

"ऊठ ना गं," तो म्हणाला. मी उठले नाही.

पहिला फटका नडगीवर बसला आणि ओला बांबू पिळून तोडावा तसा आवाज झाला. दुसरा फटका मी खाली कोसळत असताना बसला, त्याच ठिकाणी. दुसऱ्याची गरज नव्हती. हे मी पोलिसांना सांगितलं, इथेही लिहिते. खाली पाहिलं तर माझं पाऊल मागे वळलेलं होतं आणि कातडीतून हाड बाहेर आलं होतं, पांढरं, त्याच्यावर सिमेंटची धूळ. मी ओरडले की नाही आठवत नाही. बायका ओरडल्या. एकीने ठेकेदाराच्या अंगावर घमेलं फेकलं. तो डांबरी रस्त्यावर ठेवलेल्या गाडीकडे पळाला आणि निघून गेला.

गाडी आमच्या पाड्यावर येऊ शकत नव्हती. साकव त्यानेच पाडला होता ना. मग झोळी. चादरीची दोन टोकं लाकडाला बांधली आणि मला आत घातलं. खांद्याला चार माणसं हवीत. पाड्यावर दोन म्हातारे निघाले, तिसरा दुकानदार. चौथा कोण? ज्याने पाय मोडला तोच पुढे आला. दुसरा नव्हताच कोणी. डांबरी रस्त्यापर्यंत मी त्याला शिव्या घातल्या. माझ्या तोंडात असतील नसतील तेवढ्या सगळ्या घातल्या. तो रडत चालत होता आणि म्हणत होता, "दे, शिव्या दे. पण हलू नको."

मला दया आली नाही. आजही येत नाही.

जव्हारच्या दवाखान्यातून नाशिकला पाठवलं. तिथे हाडात रॉड घातला, जखम शिवली आणि काही दिवसांनी घरी सोडलं. पायाची बोटं हलवत राहा असं सांगितलं होतं. आणखीही काही सांगितलं असेल, पण मी तापात होते. घरी आल्यावर पाड्याने वेगळाच कायदा केला. जो येईल तो सांगायचा, हलू नको, हाड सुटेल. मी बोट हलवलं की कोणीतरी दटावायचं. म्हणून मी पडून राहिले. साऱ्या जगाला ‘उठा’ म्हणून पत्रकं वाटणारी मी खाटेवर ओंडक्यासारखी पडून राहिले.

एके दिवशी पोटरी तटतटून फुगली. गरम झाली. कातडी अशी ताणली की चकाकायला लागली. आतून कोणी करवत फिरवतंय असं वाटायचं. मी दात खाऊन पडले होते. आईला कळलं.

माझ्या आईचे हात पाड्याला ठाऊक आहेत. बाळंतीण असो, तान्हं असो, खड्ड्यात पाय मुरगळलेला म्हातारा असो, माणसं तिच्याकडे येतात. ती मोहाच्या बियांचं तेल कोमट करते, आधी स्वतःच्या हातांना लावते आणि मग चोळते. तिने माझ्या पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रगत साकळलंय गं बाय. मोकळं केलं पाहिजे."

निदान बरोबर होतं. रक्त साकळलंच होतं, आत गुठळी झाली होती. पण साकळलेलं मोकळं करायचं नसतं, तसंच ठेवून दवाखाना गाठायचा असतो, हे आमच्या डोंगरात तिला कोण सांगणार होतं? मलाही माहीत नव्हतं. मी बारावी शिकलेली आहे आणि मीच म्हटलं, "चोळ आये, जोरात चोळ." तिने घोट्यापासून मांडीकडे चोळलं. मी किंचाळले, तशी ती रडत रडत चोळत राहिली. थोडं बरं वाटलं. तिने माझं तोंड पुसलं आणि भाकरी टाकायला गेली.

भाकरी तव्यावर होती तेव्हा माझ्या छातीत कोणीतरी सुरी खुपसली. श्वास अर्धा आत गेला आणि तिथेच अडकला. खोकले तर उशीवर रक्त. मी मरतेय हे मला स्पष्ट कळलं आणि माझा पहिला विचार होता, तो ठेकेदार जिवंत राहणार. हाताला लागलेली वाटी मी भिंतीवर मारली, तिच्या आवाजाने आई धावत आली.

दुसऱ्यांदा झोळी. ह्या वेळी चौथा खांदा आईने दिला. तिच्या मागून जाणारी शेजारीण सांगते की वाटेत एकदाही तिने खांदा बदलला नाही.

दवाखान्यात कळलं, गुठळी पायातून सुटून फुप्फुसात गेली होती. पोटात सुया, तोंडाला ऑक्सिजन, दंड काळेनिळे. रक्त पातळ करायचं औषध म्हणजे काय ते मला कळलं. दात घासले तरी तोंड रक्ताने भरतं. डासाला मारलं तरी डाग पडतो. त्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीने आईला समजावलं होतं. ती म्हणाली, "चोळल्यानं सुटली असेल, आपोआपही सुटते. पण गुठळी झाली ती पाय मोडून पडून राहावं लागलं म्हणून." आईने पहिलं वाक्य ऐकलं. त्याच्या पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. वॉर्डात जो भेटेल त्याला, मग पाड्यावर, पाणी भरताना, ती स्वतःच सांगत सुटली, "मीच चोळलं. माझ्या हातानं पोर मरत होती." चोराच्या हाती किल्ली द्यावी तसं झालं. तिचंच वाक्य ठेकेदाराने उचललं आणि बाजारात नेऊन तिच्याच तोंडावर फेकलं.

मी वॉकरवर चालायला शिकत होते. पाऊल टेकलं की नडगीपासून डोक्यापर्यंत वीज जायची. पायाला दाबून बसणारा मोजा आणि घामाने त्याच्या आत आग. संध्याकाळी पाय भोपळ्यासारखा. पाड्यावर एक पोर बाळंत झाली. तिची सासू बोलवायला आली तेव्हा आई म्हणाली, "दुसरी बघा." तेलाची बाटली तिने कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकून दिली.

होळीनंतर चुलत भाऊ आला. जामिनावर सुटला होता. दारात उभा राहून म्हणाला, "मिटवून टाक ना. पाय तर जुळला. आणि जीव जात होता तो काकीच्या चोळण्यानं, सगळेच म्हणतात."

आई चुलीपाशी होती. तिने मान खाली घातली.

मी वॉकर उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. एका पायावर तोल किती राहणार? मीही पडले, कोपर फुटलं. त्याची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मला आणखी एक हाणायचा होता. मी खालूनच त्याचा पाय धरला आणि ओरडले, "परत बोल! परत बोल ते!" तो उंबऱ्यात बसला. आई हळद घेऊन आली. तिने हात त्याच्या कपाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. हळदीची वाटी तिने त्याच्या हातात दिली. म्हणाली, "तूच लाव. माझा हात नको."

माझ्या कोपरातून रक्त थांबत नव्हतं, त्या गोळ्यांमुळे. आईने फडकं माझ्याकडे ढकललं. मलाही तिने हात लावला नाही.

वॉकर मारल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी मला कळलं की माझा पाय जुळतोय, छाती मोकळी होतेय आणि आई मोडत चाललीय. पहार अजून चालूच आहे. आता ती लोकांच्या जिभेवर आहे. पोलिसात गुन्हा दाखल आहे, कोर्टात मी उभी राहीन, काठी घेऊन का होईना. बाजारात मात्र निकाल कधीच लागून गेलाय. तो ठेकेदाराच्या बाजूने लागलाय आणि तो तुम्ही लावलाय.

हो, तुम्ही. तुम्ही हसलात, किंवा हसणाऱ्याशेजारी उभे राहून चहा प्यायलात.

एकाच पायाला सूज आली, पोटरी गरम झाली, तर चोळू नका, थेट दवाखान्यात जा. हे घरोघर सांगा. पण मला तुमच्याकडून एवढंच नको आहे. पुढच्या बाजाराला कोणी म्हणेल की पोरीला तिच्या आईनेच मारलं असतं. तेव्हा हातातला चहा खाली ठेवा. त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा की हाड ठेकेदाराने मोडायला लावलं आणि गुठळी त्याच हाडाची आहे. मग आमच्या घरी या. तुमचा दुखरा खांदा, ठणकणारी कंबर माझ्या आईपुढे करा आणि तिने नाही म्हटलं तरी उठू नका.