विलायती गाडी आणि खंडेनवमी

पुण्याचा माणूस नारळ घेताना तो कानाशी नेऊन हलवतो, दुकानदाराला "कुठला माल?" विचारतो, आणि उत्तर ऐकून "काल दुसरंच सांगितलं होतंत" असं म्हणत नारळ खाली ठेवतो. मी तसाच आहे. बावीस वर्षं मेलबर्नमध्ये काढली तरी तसाच राहिलो. तिथल्या बाजारातसुद्धा मी भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय ती पिशवीत टाकत नाही. आणि अशा या माणसाने आयुष्यातली सगळ्यात मोठी हौस करताना "कुठला माल?" एवढा एक प्रश्न विचारला नाही. कपाळ माझं.

हौस होती मोटारसायकलची. पन्नाशी गाठली आणि डोक्यात शिरलं की आता घ्यायचीच, तीही जुन्या घाटाची. गोल दिवा, हिरवी टाकी, तपकिरी सीट, चकाकता सायलेन्सर. दिसायला माझ्या जन्माआधीची आणि आत सगळं नवं. नावही अस्सल इंग्रजी. बायको म्हणाली, "या वयात ही थेरं?" मी म्हणालो, "याच वयात परवडतात." शोरूममधल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारून सांगितलं, "इम्पोर्टेड आहे." झालं. आमच्या पिढीच्या कानावर हा शब्द पडला की पुढचं ऐकूच येत नाही. लहानपणी आमच्या घरात एक इम्पोर्टेड बॅटरी होती, ती सेल संपतील म्हणून कुणी कधी लावली नाही. इम्पोर्टेड म्हणजे विलायतेहून आलेली, हे मी माझ्या मनाशीच ठरवून टाकलं. तो बिचारा खोटं काहीच बोलला नव्हता.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा शोरूमच्या पार्किंगमध्येच पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, टाकीवर स्वस्तिक काढलं. फोनवर पुण्याहून आई होती. "आधी हळद, मग कुंकू. एवढंही विसरलास?" शोरूमचा माणूस हात मागे बांधून आदराने उभा होता, पण मी नारळ फोडला तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर वीस-पंचवीस फोटो टाकले. पुढून, मागून, हँडलखालून, अगदी जवळून. आणि खाली लिहिलं, 'याला म्हणतात फिनिशिंग. आपल्याकडे सात जन्मांत जमायचं नाही.' त्या ग्रुपवर आम्ही तिघंच, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. आईने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बहिणीने अर्ध्या तासाने लिहिलं, 'छान आहे. चेन फार ताणून ठेवू नकोस.' मला रागच आला. हिला काय कळतंय चेनमधलं?

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिने लग्न केलं नाही. कर्वेनगरच्या घरी आईबाबांजवळ राहते आणि चाकणला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला जाते. 'क्वालिटीत आहे' एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे टेबलाशी बसून कागदांवर बरोबरच्या खुणा करत असेल, अशी माझी समजूत. कसल्या गाड्या, तेही विचारलं नव्हतं. रिक्षा असतील असं धरून चाललो होतो. सतरा वर्षं ती तिथे जात होती आणि सतरा वर्षं मी फोनवर "काय, ठीक ना?" म्हणून फोन आईकडे द्यायला सांगत होतो.

मी गाडी घेतली त्याच पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. रुग्णसेवेच्या ब्युरोतून दोन माणसं आली, त्या दोघांनाही बाबांनी डाव्या हाताने दार दाखवलं. निवृत्त मुख्याध्यापक ते. परक्या माणसाच्या हातून अंघोळ म्हणजे त्यांना मरणच. आई पंचाहत्तरीची, तिच्याच्याने त्यांना उचलणं होईना. मग सगळं बहिणीवर आलं. आज रजा, उद्या अर्धी रजा. मी तिकडून फर्मान काढलं, "किती दिवस ओढाताण करणार? सोड ना ती नोकरी. कारखान्यातलीच तर आहे." ती म्हणाली, "बघते." मी म्हणालो, "नवरात्रात येतोच आहे, बसून ठरवू." आमच्या घरात 'बसून ठरवू' याचा अर्थ, मी ठरवलेलं बाकीच्यांनी बसून ऐकायचं. तो सगळ्यांना पाठ आहे.

आलो, पण चार दिवस विषय काढायला तोंड उघडेना. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "उद्या खंडेनवमी. कंपनीत यंत्रांची पूजा असते, घरच्यांना बोलावतात. सतरा वर्षांत आपल्याकडून कुणी आलेलं नाही. चल."

"मी येऊन काय करू तिथे?"

"काही करू नकोस. लाडू मिळतो."

पहाटे उठून तिने बाबांची अंघोळ, कपडे, औषधं सगळं उरकलं. मी दात घासत होतो. मग रिक्षाने वारज्याच्या पुलाखाली गेलो, तिथून कंपनीची बस. बसमध्ये माणसं उठून तिला जागा देत होती, "बसा मॅडम" म्हणत होती. बाईमाणूस म्हणून देत असतील, असं मी समजलो.

कारखान्यात पोचल्यावर तिला पूजेची तयारी बघायची होती, म्हणून तिने मला एका वयस्कर कामगाराच्या स्वाधीन केलं. गृहस्थ तिथलेच, शेजारच्या गावचे. चालता चालता सांगत होते, "ही शेड हाय ना, हितं आमचं कांद्याचं रान व्हतं." मी मान डोलवत होतो. त्यांनी शेडचं मोठं दार ढकललं.

आत माझी गाडी उभी होती.

तीच हिरवी टाकी, तोच गोल दिवा, तीच तपकिरी सीट. आणि एक नव्हे. एकीमागे एक, ओळीने, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. प्रत्येकीला झेंडूची माळ घातलेली आणि टाकीवर हळदीकुंकवाचं बोट. मी जागच्या जागी थिजलो. अशा वेळी माणसाच्या मनात पहिला विचार काय यावा? माझ्या मनात आलं, अरे देवा, सगळ्या परत आल्या की काय. आणि अक्कल बघा, मी ते बोलूनही दाखवलं. "या इकडे कशा? विलायतेहून दुरुस्तीला आल्यात का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कसली विलायत? हितंच व्हत्यात. हितनं समद्या जगात जात्यात." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे लाकडी खोकी रचली होती आणि त्यांवर छापलं होतं मेलबर्न. मी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आमच्या घरापासून बसने दीड तासावर बनलेली गाडी मी साता समुद्रापार जाऊन, विलायती म्हणून, नारळ फोडून घेतली होती. वर ग्रुपवर सात जन्मांची अक्कल पाजळली होती. बहिणीने ते वाचलं होतं, आणि वाचून मला फक्त चेनचं सांगितलं होतं.

तेवढ्यात पूजा झाली, आरती झाली. त्यांची एक रीत आहे, पूजेनंतर एक गाडी मुहूर्ताची म्हणून चालू करून बघतात. जमिनीत फिरते रूळ बसवलेले असतात, त्यांवर गाडी जागच्या जागी धावते. सगळे बाजूला झाले आणि माझी बहीण पुढे आली. तिला मी स्कूटीशिवाय कशावर बसलेलं पाहिलं नव्हतं. ती सहज त्या गाडीवर बसली, गाडी चालू केली, वेग वाढवत नेला आणि मान जराशी कलती करून ऐकत राहिली. दोन-तीनशे माणसं शेडमध्ये, पण कुणी हूं की चूं करेना.

"कान हाय म्याडमचा," माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले. "मशीन पास म्हनू द्या. म्याडम नाय म्हनल्या की गाडी माघारी. सायबाचं बी चालत न्हाई."

ती उतरून आमच्याकडे आली. मी म्हणालो, "तू सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी?"

मी गाड्यांच्या रांगेकडे बघितलं. तीच म्हणाली, "तुझ्या एका फोटोत हँडलखाली कोरलेला गाडीचा नंबर दिसत होता. रेकॉर्ड काढून बघितलं. माझ्याच पाळीत निघाली. एकदा मागे पाठवली होती मी, पुढच्या चाकात बारीक घरघर होती. नवी बेअरिंग घालून आली, मग सोडली."

त्या गाडीवर मी दर रविवारी समुद्राकाठच्या वळणांवरून सुसाट जात होतो. पुढच्या चाकाचा विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नव्हता. तिचा अभिमान वाटला की माझी लाज, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते लपवायला मी त्या गृहस्थांकडे वळून म्हणालो, "नशीबवान आहात, अशी माणसं आहेत तुमच्याकडे."

"कशाचं नशीबवान," ते म्हणाले. "म्याडम पुढल्या म्हयन्यात चालल्या की."

बहिणीने त्यांच्याकडे एकदा बघितलं. ते लाडवाच्या रांगेकडे निघून गेले.

कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मी विचारलं, "कधी दिलास राजीनामा?"

"शुक्रवारी."

"पण आपण बसून ठरवणार होतो."

"तुझं ठरलेलं होतं. फक्त बसायचं राहिलं होतं."

"परत घे. आत्ताच्या आत्ता जाऊन परत घे."

"का?"

"का म्हणजे काय? मी बघितलं ना आज. एवढं मोठं काम, एवढी जगभर जाणारी गाडी..."

तिने हातातला लाडू खाली ठेवला. आवाज जराही चढवला नाही. "दादा, समज मी इथे कुकरच्या शिट्ट्या तपासत असते. असाच कान लावून, अशीच सतरा वर्षं. तर म्हणाला असतास, परत घे म्हणून?"

खोटं बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. "म्हणजे काय, म्हणालोच असतो," एवढंच तर म्हणायचं होतं. पण ती समोर बसली होती आणि बारीकशी घरघरसुद्धा तिला ऐकू येते, हे मी नुकतंच बघितलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि उरलेला लाडू कागदात गुंडाळून आईसाठी पिशवीत टाकला. परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दसऱ्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बाबांच्या पलंगाशी खुर्ची ओढली. आई होती, बहीण ओट्यापाशी भांडी पुसत होती. म्हटलं, "बाबा, मी रजा वाढवून घेतली आहे. उद्यापासून ब्युरोचा माणूस येईल. आधी अंघोळ मी घालीन, तो शेजारी उभा राहून शिकेल. मग तो घालील, मी उभा राहीन. तुम्हाला सवय झाली की मी जाईन. तोवर तिकीट काढणार नाही."

बाबांचे बहुतेक शब्द गेले होते, पण 'नाही' शाबूत होता. तो त्यांनी तीनदा म्हटला.

आई म्हणाली, "अरे, त्यांच्या मनाविरुद्ध कशाला?"

"तिच्या मनाचं कुणी विचारलं, आई? तू विचारलंस? मी तर फोनवरून हुकूम सोडला."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बहिणीने भांडी पुसून फडकं वाळत घातलं आणि झोपायला गेली. राजीनाम्याचं ती काय करणार, ते तिने सांगितलं नाही. विचारायचा मला हक्कच नाही असं वाटलं.

सकाळी सहाला बाबांना न्हाणीघरात स्टुलावर बसवलं. ते भिंतीकडे बघत होते. नवा माणूस दाराशी उभा होता. ज्यांच्यासमोर आयुष्यात कधी पाय पसरून बसलो नाही, त्यांच्या सदऱ्याची बटणं काढायची होती. तेवढ्यात बहीण दाराशी आली. अंगात कंपनीचा करडा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी.

"पाणी आधी कोपरावर बघ," ती म्हणाली. "उजव्या बाजूला त्यांना चटका कळत नाही. आणि टॉवेल आधीच जवळ ठेव, मग शोधत बसू नकोस."

"बस कितीची?"

"सहा वीसची. आज साहेबांना गाठून पत्र परत मागते. देतात का बघू."

दार ओढल्याचा आवाज आला. बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "गेली?"

"गेली. कामाला."

पाणी निवायला लागलं. मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला आणि वर उचलला, मला सदरा काढता यावा म्हणून.