कल्पिताने स्वतःचाच काढलेला ईसीजी

मानपाड्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात कल्पिता सात वर्षं ईसीजी काढतेय. घर आगऱ्यांचं. शेतं होती तिथे आता टॉवर आहेत, भाडं येतं, नोकरी केली नाही तरी भागेल. पण घरात बसणं तिच्या रक्तात नाही. वायरी बघून एखादा म्हातारा बिचकला तर ती म्हणते, "बाबा, हात सैल सोडा. करंट मशीनमधून तुमच्यात येत नाय, तुमचाच मशीनला जातो." म्हातारा हसतो, तेवढ्यात क्लिपा लागलेल्या असतात.

तिचा बाप गुणाजी तिसाव्या वर्षी गेला. बांधावर टेकला, छातीला हात लावला आणि आडवा झाला. कल्पिता तेव्हा चार वर्षांची. हॉस्पिटलात हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अक्षदालाही नाही. अक्षदा म्हणजे वॉर्डातली सिस्टर, कळव्याहून येणारी, कल्पिताच्या डब्यातलं सुकट न विचारता खाणारी.

कल्पिताला तीस पूर्ण झाली तो मंगळवार. सकाळपासून छातीत डावीकडे चमकत होतं. श्वास घेतला की जास्त. दुपारी ओपीडी रिकामी झाली तसं तिने दार लावलं, टेबलावर आडवी झाली आणि स्वतःलाच वायरी लावल्या.

कागद बाहेर आला. पहिल्या ओळीतली सगळी टोकं खाली तोंड करून. वर मशीनने छापलेलं: ॲबनॉर्मल, जुना अटॅक असण्याची शक्यता.

तिने फोन लावला. "अक्षे, ये जरा. कुणाला सांगू नको."

अक्षदा आली ती व्हीलचेअर घेऊनच.

"ही कशाला आणलीस?"

"तुझा आवाज ऐकून. बस आधी."

कल्पिताने कागद पुढे केला. "बघ. बापासारखंच झालं माझं."

"बापाचं काय झालेलं?"

कल्पिताने दोन वाक्यांत सांगितलं. अक्षदा म्हणाली, "पाच वर्षं माझ्याबरोबर जेवतेस आणि हे आत्ता सांगतेस? डोंबिवलीतल्या कुत्र्यामांजरांची लफडी सांगितलीस मला."

"तुला सांगितलं असतं तर रोज बीपी घेतलं असतंस."

"घेतलंच असतं. बस."

व्हीलचेअर ढकलत ती थेट डॉक्टर ऋतुराजच्या केबिनमध्ये शिरली. तरुण माणूस, वडापाव खात होता. अक्षदाने वडापावच्या बाजूला कागद ठेवला. "सर, हा बघा. बाई आहे, तीस वर्षांची."

डॉक्टरने एका हातात कागद धरला. "हा काढला कोणी?"

अक्षदाने व्हीलचेअरला ब्रेक लावला.

"कल्पिताने नक्कीच नाही काढलेला. दोन्ही हातांच्या क्लिपा उलट्या लावल्यात. कल्पिता, तूच परत काढ. आणि ज्याने काढला त्याला जरा शिकव." मग त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "तू यात का बसलीस?"

कल्पिताने डोळे मिटून घेतले. सात वर्षं ती पेशंटच्या समोर उभी राहून क्लिपा लावत आलेली. लाल क्लिप तिच्या डाव्या बाजूला जाते, कारण समोरच्याचा उजवा हात तिकडेच असतो. आज समोर कुणी नव्हतं, पण हात सवयीने तिकडेच गेलेला. शिकायला येणाऱ्या पोरींना ती पहिल्याच दिवशी बजावते, पहिली ओळ उलटी दिसली तर पेशंटवर नाही, आपल्यावर शंका घ्यायची.

"मीच काढला, सर. माझाच."

डॉक्टरने वडापाव खाली ठेवला. हसला नाही, हे त्याचे उपकार. दुसरा ईसीजी अक्षदाने काढला, कल्पिता पडल्या पडल्या सांगत होती तसा. "लाल उजव्या हाताला. माझ्या उजव्या. तुझ्या नाय गो."

कागद सरळ आला. डॉक्टरने तो दोनदा बघितला, मग बरगडीवर बोट दाबलं.

"आई गं."

"काल काय उचललं?"

"लिफ्ट बंद होती. मशीन दुसऱ्या माळ्यावर नेलं."

"एकटीने?"

"मग कोण येणार, सर?"

"दाबल्यावर दुखतंय म्हणजे स्नायू दुखावलाय. हृदय ठणठणीत आहे. पण वडिलांचं असं असेल तर रक्त तपासायचं, दरवर्षी. उद्या उपाशीपोटी ये."

"मी आणते तिला," अक्षदा म्हणाली. "माझंपण घ्या, सर. मार्चमध्ये माझीही तीस होतात."

बाहेर आल्यावर कल्पिता बाकड्यावर बसली. पदर नव्हता, म्हणून ॲप्रनने तोंड पुसलं. अक्षदा रिकामी व्हीलचेअर पुढेमागे करत होती.

"सरांनी खरं तेच सांगितलं. कल्पिताने काढलेलाच नव्हता तो. गुणाजीच्या चार वर्षांच्या पोरीने काढलेला."

कल्पिता हसली आणि बरगडी धरून वाकली. "हसवू नको गो, दुखतं."

"दुखू दे."

कल्पिताने बोटाने तिथेच दाबून पाहिलं. दुखलं. मग आणखी जोरात दाबलं. जास्त दुखलं, त्याच जागी, बोटाखालीच.

"आता हेच करत बसणार आहेस का?" अक्षदाने विचारलं.

"थांब," कल्पिता म्हणाली, "अजून एकदा."