पाटीवरचे मामा

सोमवार, पहिली शिफ्ट सुटल्यानंतरची वेळ. जागा: चाकणच्या रस्त्यावरचं शाळेजवळचं वळण. हजर: आमच्या कंपनीच्या बसचे मामा, बसचे ठेकेदार, बसभर भुकेले लोक आणि बसची हजेरी घेणारी मी.

या अख्ख्या औद्योगिक पट्ट्यात आमच्या मामांइतका सावकाश माणूस नाही. दापोडीहून निघालेली बस ते अशी चालवतात, की सिमेंटचा मिक्सरसुद्धा मागून येऊन पुढं जातो आणि जाताना आमच्याकडं दयेनं पाहतो. पाटीवर साठ लिहिलं असेल, तर मामांचा काटा साठाला शिवायलाही लाजतो. ही शिस्त स्टेअरिंगपुरती नाही. माझ्या भाचीच्या लग्नात हौसेनं वाढायला उभे राहिले, तेव्हा जिलबी शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या पानावरचा पाहुणा हात धुऊन पान खात होता. कुणी डोळे वटारले, तर म्हणाले, "घाई कशाला करायलाव? जिलबी काय पळून चालली का?" लातूर सोडून इतकी वर्षं झाली, तरी बोलणं आणि वेग दोन्ही तिकडचेच.

अशा माणसाच्या बसला या वळणावर वेगाचं चलन आलं! कंपनीच्या पेंटशॉपमधली मंडळी आधी पोट धरून हसली, मग त्यांना नियम आठवला. ठेकेदारांचा नियम ठरलेला: वेगाचं चलन आलं, की चालक घरी. मामांचं घर या बसवर चालतं आणि आमच्या घरच्यांचा जीव मामांच्या भरवशावर निवांत असतो.

मामा एवढंच म्हणाले, "मालक, त्या वळणावर चला. तिथं चाळीसची पाटीच न्हाई."

म्हणून आम्ही सगळे तिथं उतरलो. खांब होता. खांबावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स होता आणि त्याच्या खालून तांबड्या गोलाची कड तेवढी डोकावत होती. टाळ्या पडल्या. मामा म्हणाले, "लिमिट बरोबर हाय मालक. शाळंची लेकरं रस्ता वलांडतेत. पण झाकलेल्या पाटीचा दंड कसला?"

मी सवयीनं फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचत आले. शुभेच्छुकांच्या शेवटच्या रांगेत, गुलाबी फेटा बांधून, हसत होते आमचे मामा! त्यांच्या पुतण्यानं फोटो परस्पर दिला होता.

"मामा, हे कोण?" ठेकेदारांनी विचारलं.

मामांनी बस वळवावी तितक्या सावकाश मान वळवली. "मीच की." पाटीची कड निरखून म्हणाले, "मग दंडबी बरोबर हाय. पाटी माझ्याच तोंडानं झाकली."

ठेकेदार बसच्या दाराला धरून हसत सुटले. "अहो मामा, तोंडाचं चलन अजून निघालं नाही! उद्या गाडी वेळेवर काढा."

मी तिथंच झाकलेल्या पाटीचा फोटो काढून तक्रार केली; पुढं चलन रद्द झालं. फ्लेक्स आम्हीच उतरवला. तेव्हा मामा हळूच म्हणाले, "ताई, तेवढं तोंड कापून ठेवा. फेट्यातला दुसरा फोटो न्हाई माझा."

आता त्या वळणावर बस जवळजवळ चालत जाते आणि कुणी कुरकुरत नाही. दिवाळीनंतर मामा कायमचे गावी परतणार आहेत. तो तुकडा माझ्या कपाटामागं गुंडाळून ठेवलाय. बाकी सगळी कामं मी वेळेवर उरकते; त्याला चौकट करून घ्यायची तेवढी राहिली आहे. ती त्यांना निरोपाच्या दिवशी द्यायची आहे.