बाखूमचे केस

माझा धाकटा भाऊ बाखूम इजिप्तमधल्या आमच्या मिन्या शहरात चष्म्याच्या दुकानात काम करतो. चारी भिंतींना आरसे. गिऱ्हाईक नसलं की स्वतःकडेच बघायचं, दुसरं काय करणार? आमचे वडील तिशीच्या आत टकले झाले, मामा तर लग्नाच्या फोटोतच चमकतोय. तरी स्वतःचं कपाळ मागे सरकू लागलं तेव्हा बाखूम असा हादरला, जणू जगात पहिल्यांदाच कुणाला टक्कल पडत होतं. त्यात साखरपुड्याला होणाऱ्या बायकोचा, वेरेनाचा, भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "नवरदेवाआधी त्याचं कपाळच चर्चमध्ये पोहोचणार." सगळे हसले. वेरेनाही हसली, आणि ते त्याला फार लागलं.

नाताळाआधीचा उपास लागला तसा तो आमच्या मार मीना या संताला नवस बोलला. लग्नापर्यंत डोक्यावर केस राहू देत, तोवर मी दिवस मावळल्यावर एकदाच जेवीन. बिनतेलाची मसूर, भाकरी आणि मीठ. उपासात दूध-अंडं-मांस आम्ही सोडतोच, पण या शहाण्याने सणालाही कशाला हात लावला नाही.

नाताळ झाला आणि केस मुठीमुठीने जायला लागले. उशीवर केस, मोरीत केस, चष्म्याच्या काड्यांत केस. बाखूमला वाटलं नवस कमी पडतोय, म्हणून मसूरही एक दिवसाआड केली. मग मात्र आई आणि मी त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पुढचं कपाळ रुंदावतंय ते पुरुषांच्या संप्रेरकामुळे," त्या म्हणाल्या. "घराण्यातच केसांची मुळं ते सोसणारी नाहीत. पण सगळं डोकं गळतंय ते उपासमारीने. दोन-तीन महिन्यांपूर्वी तुम्ही पोट मारलंत, ते आत्ता डोक्यावर दिसतंय. नीट खाल्लंत तर तेवढं तरी परत येईल."

"बाईंची आणि मार मीनाची ओळख नाही वाटतं," जिन्यात बाखूम म्हणाला. घरी गेल्यावर रडून-भेकून तिने एवढंच कबूल करून घेतलं की मसूर रोज खायची.

ईस्टरआधीचा मोठा उपास निम्मा झाला तोवर गळती थांबली. पुढचं कपाळ होतं तसंच होतं, पण डोक्यावर बारीक लव आली. बाखूम शेजारपाजारी डोकं वाकवून दाखवत फिरू लागला. "बघ ताई, ऐकलं की नाही त्याने?" मला म्हणाला. लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरलं होतं, उगाच कशाला तोंड उघडायचं?

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी दुकान लवकर बंद झालं. आम्ही दोघं बरोबरच जिना चढलो. स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती आणि कबुतराचा रस्सा फडक्यातून त्याच्या मसुरीत गाळत होती. वर्षातल्या सगळ्यात कडक उपासाच्या त्या आठवड्यात. माझ्या वेळी गरोदर असताना जिने उपासात अंड्याला हात लावला नव्हता, त्या बाईने.

"कधीपासून?" बाखूमने विचारलं.

"बाई म्हणाल्या त्या दिवसापासून. पाप माझ्या माथी. तू जेव."

"माझा नवस मोडलास तू, आई."

"मोडला कुठे? चाललाय." ती भांडं झाकायला वळली, आणि डोक्यावरचा रुमाल दाराच्या खिळ्याला अडकून निघाला. एवढे दाट केस होते तिचे. आता भांगाच्या दोन्ही बाजूंना नुसती कातडी दिसत होती.

"तू खाल्लंस म्हणून नवस पाळायला कुणीतरी हवं ना," रुमाल सावरत ती म्हणाली. "मी भाकरी-मिठावर राहते. लग्न झालं की जेवीन."

ती सगळ्यांच्या मागून जेवते, म्हणून कुणाला पत्ताच नाही. मी खालच्याच मजल्यावर राहते आणि हा जगाला चष्मे विकतो. संताप आला मला, आमच्या दोघांचाच.

बाखूम आत गेला. दाढीच्या मशीनचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. बाहेर आला तेव्हा डोक्यावर एक केस शिल्लक नव्हता, कानामागे रक्ताचा ठिपका होता. आई भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

"नवस केसांसाठी होता," तो म्हणाला. "आता केसच नाहीत. संपला नवस."

त्याने दुसऱ्या भांड्यातली बिनरश्शाची मसूर ताटलीत घेतली, तिच्यावर उपासाला चालतं ते तेल सढळ हाताने ओतलं आणि भाकरीसह आईपुढे ठेवली.

"जेव."

आई कितीतरी वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. "अगदी बापासारखा दिसतोस रे," ती म्हणाली, आणि भाकरी मोडली.