पाहुणीचे दात

कवळीवाले एखाद्या समारंभाला गेले की त्यांचं लक्ष यजमानांकडे नसतं आणि ताटाकडेही नसतं. ते लोकांच्या तोंडाकडे बघत बसतात. समोरचे आजोबा सफरचंद चावताहेत, पलीकडच्या बाई नातवाला रागावताहेत, कोपऱ्यात कुणीतरी खदखदून हसतंय, आणि यातली एखादी तरी बत्तीशी आपल्या हातची निघेल या आशेवर कवळीवाल्यांचा घास हातातच राहतो. निघालीच तर त्यांचा चेहरा असा काही उजळतो, की शेजारी बसलेल्याला वाटावं यांना शाळेतला मित्र भेटला. उठून ओळख मात्र ते देत नाहीत. भर मेजवानीत जाऊन ‘तुमचे दात मी केलेत’ म्हटल्यावर काय होईल ते सांगायला नको. बायको शेजारी असली तर ते तिला कोपराने ढोसतात, आणि ती न बघताच म्हणते, "कळलं. जेवा आता."

कवळीवाल्यांची कामाची खोली दातांच्या दवाखान्याच्या मागे आहे. पुढे डॉक्टरबाई रुग्ण तपासतात, मागे हे. मध्ये एक भिंत आणि एक दार. खोलीत एक लांब टेबल, खिडकीपाशी स्पिरिटचा दिवा, मेण कापायची सुरी, पॉलिश करायचं फिरतं चाक, आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी धूळ. डॉक्टरबाईंनी घेतलेल्या ठशावरून हे प्लॅस्टरचा जबडा ओततात, त्यावर गुलाबी मेण चढवतात आणि मेणात एकेक दात रोवतात. रुग्णाच्या तोंडात घालून बघितल्यावर सगळं जमलं तर मेण वितळवून त्या जागी पक्की कवळी तयार होते. वर्षानुवर्षं तेच मेण, तेच प्लॅस्टर, तोच वास. दुसरा एखादा कंटाळून कधीच पळाला असता. कवळीवाले रोज सकाळी दिवा पेटवताना असे दिसतात, की जणू आज कामाचा पहिलाच दिवस.

याचं कारण त्यांची एक खोड आहे. ज्याची कवळी करायची त्याला ते आधी टेबलाजवळच्या स्टुलावर बसवतात आणि गप्पा मारतात. काम काय करायचा, हसतो कसा, चिडला की ओठ कुठे जातो, जुना फोटो आहे का. मग त्या माणसाची एखादी लहानशी लकब ते दातांत उतरवतात. जन्मभर तोंडाच्या कोपऱ्यात काडी धरून गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला त्यांनी तिथे काडीपुरती फट ठेवून दिली होती. दिवसाला दहा कप चहा पिणाऱ्याला ते पांढरेशुभ्र दात देत नाहीत. ‘सगळे दात एका रांगेत उभे केले की माणूस हसत नाही, जाहिरात हसते,’ असं त्यांचं म्हणणं आहे. हे त्यांनी डॉक्टरबाईंना इतक्या वेळा ऐकवलंय, की आता ‘जाहिरात’ हा शब्द त्याच म्हणून टाकतात.

आता त्यांच्या बायकोबद्दल. ती निवृत्त होईपर्यंत बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगायची आणि वेळ उरला तर सल्लेही द्यायची. घरी आल्यावर दमून गप्प बसेल असं कुणालाही वाटेल, पण छे. दार उघडायच्या आत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं. कवळीवाले दिवसभर प्लॅस्टरच्या जबड्यांशी मुकाट्याने काम करणारे. संध्याकाळी तिचं ऐकणं ही त्यांची दिवसाची कमाई होती, आणि हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं.

मग तिच्या हिरड्यांनी दगा दिला. दात एकामागून एक हलायला लागले. डॉक्टरबाईंनी बरेच दिवस टिकवून धरले, शेवटी म्हणाल्या की उरलेले काढलेले बरे. काढले. हिरड्या भरून येईपर्यंत ती तोंडाला रुमाल लावून घरात फिरायची आणि कुणी आलं तर आतल्या खोलीत जायची. फार बोलायची नाही, पण ते समजण्यासारखं होतं. सगळेच म्हणत होते, आता घरातच कारागीर आहे, काळजी कसली.

कारागिरानेही मनाशी ठरवलं, की ही कवळी आयुष्यातली सगळ्यात देखणी करायची. उंची दात मागवले, छटा पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिल्या, आणि एकेक दात असा लावला की ओळीत कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिला स्टुलावर मात्र बसवलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? इतक्या वर्षांचा संसार, तिचा चेहरा डोळे मिटूनही दिसतो. एवढा मुरलेला माणूस, पण प्रेमाच्या भरात स्वतःचीच शिकवण विसरला.

कवळी बसली. डॉक्टरबाईंनी वाखाणली. मुलगी मुद्दाम येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आई, किती तरुण दिसतेस." आई म्हणाली, "छान आहेत." आणि त्यानंतर ती जी गप्प झाली ती झालीच.

आधी कवळीवाल्यांना वाटलं, कुठे टोचत असेल. त्यांनी घासून दिलं. ती म्हणाली, टोचत नाही. चावताना त्रास होत असेल? तिने समोर बसून मूठभर शेंगदाणे चावून दाखवले. कवळीत दोष म्हणून नव्हता. फक्त बोलणं ‘हं’, ‘नको’ आणि ‘ठेवलंय’ एवढ्यावर आलं होतं. दुकानात गेली तर बोटाने दाखवून वस्तू घ्यायची. जेवण झालं की कवळी धुऊन पाण्याच्या पेल्यात ठेवायची, अगदी जपून, एखाद्याची उसनी आणलेली वस्तू ठेवावी तशी. घर इतकं शांत झालं की नळ ठिबकतोय हे कवळीवाल्यांना पहिल्यांदाच कळलं. तो त्यांनी दुरुस्त केला, आणि मग तर तेवढाही आवाज राहिला नाही.

एकदा मुलीचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर तिने वडिलांना फोनवर बोलावलं आणि विचारलं, आई बरी आहे ना, नुसतं हं-हं करते. कवळीवाले म्हणाले, बरी आहे. हिचं बोलणं आता परत येणार नाही की काय, असा विचार त्यांच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला आणि मग काही केल्या जाईना.

त्यांनी डॉक्टरबाईंपाशी मन मोकळं केलं. म्हणजे आधी तक्रारच केली. इतकी सुंदर कवळी, आजवर एकही परत आलेली नाही, आणि घरातच ही तऱ्हा. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत सहज विचारलं, "काका, काकूंना स्टुलावर बसवलं होतंत का?"

कवळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काहीतरी पुटपुटत ते मागे निघून आले. पण टेबलावर हात चालेना. बाईंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सरळच विचारलं, की तुला हे दात आवडत नाहीत का. ती बराच वेळ टेबलावरचा कपडा नीट करत राहिली.

"दात चांगलेच आहेत हो," ती म्हणाली. "तुम्ही किती जीव ओतलाय ते दिसतं मला. पण आरशात बघितलं की कुणीतरी पाहुणी आलीय असं वाटतं. नीटनेटकी आहे, सभ्य आहे. तिच्यासमोर घरातलं काय बोलायचं?"

इतक्या लोकांना त्यांचे स्वतःचे चेहरे परत केले आणि घरात मात्र परकी बाई आणून बसवली. कवळीवाल्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला दवाखान्यामागच्या खोलीत घेऊन गेले आणि स्टूल पुसून तिच्यापुढे ठेवलं. कपाट उपसून तिचा एक जुना फोटोही शोधून ठेवला होता, ज्यात तिचे पुढचे दात जरा एकमेकांवर चढलेले दिसत होते. कवळीवाल्यांचा बेत पक्का होता. हुबेहूब तसेच लावायचे.

तिने फोटो बघितला आणि मान हलवली. "हे नकोत. शेवटी शेवटी फार छळलं त्यांनी मला. गेले ते बरे झाले."

आता मात्र कवळीवाले हबकले. नवे नकोत, जुने नकोत. तिसरे आणायचे कुठून? ते मेणाच्या जबड्यासमोर हात बांधून बसून राहिले. ती उठली, टेबलापाशी आली, सुट्या दातांची पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मी लावू का?"

टेबलापुढच्या त्यांच्या खुर्चीवर आजपर्यंत दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. डॉक्टरबाईसुद्धा उभ्यानेच बोलून जायच्या. कवळीवाले उठले. सुरी कशी तापवायची, मेण किती मऊ झालं की दात बसतो, बोट कुठे भाजतं, हे त्यांनी दाखवलं आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले.

पहिले दोन दात पडले. तिसरा उलटा बसला. कवळीवाल्यांचे हात इतके शिवशिवत होते, की त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. ती मान वाकवून, जिभेचं टोक बाहेर काढून, चित्र रंगवणाऱ्या पोरीसारखी रमली होती. पुढचे दोन तिने सरळ लावले. शेजारचा जरा तिरका गेला. ते ‘थांब, मी...’ म्हणेपर्यंत तिने हात आडवा धरला.

"हा आगाऊ दिसतो जरा," ती म्हणाली. "राहू दे."

त्याच्या पलीकडचा तिने थोडा मागे सारला. तो म्हणे भिडस्त आहे. सुळा लावताना म्हणाली की हा अगदी तुमच्या आत्याबाईंसारखा, सगळ्यांच्या पुढे. कवळीवाल्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. आपण हसलो तर ही थांबेल अशी त्यांना भीती वाटली. तशी ती रोज दुपारी येऊ लागली. दात काढायची, पुन्हा लावायची, लांब धरून बघायची. मेणाचा एक थेंब सांडला की स्वतःलाच रागे भरायची. कवळी घरी पेल्यात ठेवून, तोंडात दात नसताना बोललेले ते शब्द अर्धे हवेतच विरायचे, पण कवळीवाल्यांना एकूण एक कळायचे.

तिचं झाल्यावर खरं काम कवळीवाल्यांचं होतं. वरचे दात असे स्वच्छंदपणे उभे राहिल्यावर खालच्यांना त्यांच्याशी जुळवून घेणं भाग होतं, नाहीतर घास चावला गेला नसता. त्यांनी खालची अख्खी ओळ नव्याने लावली. तिच्या एकाही दाताला त्यांनी बोट लावलं नाही. इतकं अवघड काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि इतकं मजेचंही.

डॉक्टरबाईंनी मेणातली कवळी तिच्या तोंडात घालून पाहिली, दाब कुठे जास्त येतो ते दाखवणारा रंगीत कागद चावायला दिला आणि एक जागा उंच लागतेय असं सांगितलं. ते खरंच होतं. कवळीवाल्यांनी घासून घेतलं. बाईंनी मग जरा मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे लावले कुणी. "मी," ती म्हणाली. बाईंनी तिचा खांदा दाबला.

पक्की कवळी बसली त्या दिवशी दोघं चालत घरी आली. वाटेत ती काहीच बोलली नाही. कवळीवाल्यांचा जीव टांगणीला लागला. हेही जमलं नाही तर पुढे करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, उगाच कपाट उघडून बंद केलं. स्वयंपाकघरात आले तेव्हा ती खुर्चीवर बसली होती आणि समोरची खुर्ची तिने ओढून ठेवली होती.

"बसा," ती म्हणाली. "मला सांगायचंय काहीतरी."

ते बसले.

"दात काढले ना, त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारली होती. दोनदा. तुम्ही पलीकडे पॉलिशचं मशीन लावून बसला होतात."

मध्ये फक्त एक भिंत होती. "ऐकू नाही आलं गं," ते म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे. मशीनपुढे तुम्हाला काही ऐकू येत नाही. तुमच्यावर राग नाही माझा. पण मी फार घाबरले होते, आणि मग ते सांगायचं राहूनच गेलं."

"आता सांग."

तिने अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. इंजेक्शनची सुई, डॉक्टरबाईंच्या हातमोज्यांचा वास, दिवा डोळ्यांवर आल्यावर मिटलेले डोळे, काढलेला दात भांड्यात पडल्याचा आवाज. मध्येच ती विषय सोडून बाहेर बसलेल्या एका बाईच्या चपलांबद्दल सांगायला लागली, तिथून बसस्थानकावर गेली, कुणा वाहकाची नक्कल केली, पुन्हा दवाखान्यात आली. हातवारे सुरू झाले होते. आवाज चढत होता. बाहेर अंधारून आलं, तरी दोघांतल्या कुणीही दिवा लावायला उठलं नाही. बोलता बोलता ती एकदम थांबली आणि पुढे वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागली.

"रडताय का तुम्ही?"

"नाही," ते खोटं बोलले. "तू थांबू नकोस."