ओळंब्याच्या दोन सुती चड्ड्या

भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला बांधून जे वजन खाली सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. पण त्या भागात ओळंबा म्हटलं की लोकांना वजन आठवायचं नाही, ट्रॅक्टरवाला आठवायचा. तेहेतीस वर्षं तो दुसऱ्यांची शेतं नांगरून देत होता, आणि त्याने पाडलेला एकेक तास, म्हणजे नांगराची रेघ, इतका सरळ असायचा की शेताच्या एका टोकाला उभं राहून बघितलं तर नजर न अडखळता थेट दुसऱ्या टोकाला जायची. शेतात उगवतं काय, याच्याशी ओळंब्याला फारसं देणंघेणं नव्हतं. पेरणी झाली की त्याच्या मते शेताची शोभाच जायची. तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला तो फक्त जेवायला, झोपायला आणि लग्न करायला, असं त्याची बायको म्हणायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याचं निम्मं लक्ष खुर्च्यांच्या वाकड्या रांगेकडे होतं म्हणे.

बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आणि शेजारी कपड्यांचा ढीग. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, त्यात ट्रॅक्टर आणि चार फाळांचा नांगर. नांगराचे फाळ ओळंबा दर रविवारी असे घासायचा की बायको घाईत असली तर त्यात बघून केस सारखे करून घ्यायची.

सगळं सुरळीत चाललेलं असताना ताई निवृत्त झाली.

ताई म्हणजे ओळंब्याची थोरली बहीण. सदतीस वर्षं तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं. परिसरातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली, आणि ती अजूनही तिला बघून विडी पाठीमागे लपवायची. वडिलांनी जाताना शेताचे दोन भाग केले होते: विहिरीकडचा ओळंब्याला, ओढ्याकडचा ताईला. ताई नोकरीत असेपर्यंत दोन्ही भाग ओळंबाच नांगरायचा. मध्ये नावाला एक बांध होता, तोही त्याने इतका सरळ करून घेतला होता की झुडपांनी तिथे उगवायची हिंमत केली नव्हती.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ताई चहाचा कप हातात घेऊन शेडपाशी आली आणि म्हणाली, "बाळ, माझ्या भागात यापुढे नांगर घालायचा नाही."

पंचावन्न वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारी ती जगात एकटीच उरली होती.

"नांगर नाही घालायचा? मग पेरणार कशी?"

"नुसती पेरणार. आधी वाटाणा, मोहरी, मेथी, सगळं मिसळून. ते वाढलं की तिथेच आडवं करायचं."

"आणि विकायचं कधी?"

"विकायचं नाही."

"मग खायचं?"

"खायचंही नाही. ते मातीसाठी आहे. माती उघडी ठेवायची नाही आणि उलथीपालथी करायची नाही."

"म्हणजे मातीला मेजवानी," ओळंबा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. ताई हसली नाही. वर्गात कुणी आगाऊपणा केला की ती ज्या नजरेने बघायची, तसं तिने बघितलं आणि ओळंब्याचं हसू जागच्या जागी विरलं.

पुढची दोन वर्षं ओळंब्याच्या जिवाला फार जड गेली. बांधाच्या या बाजूला त्याची नांगरट: ओळी आखलेल्या वहीच्या पानासारखी स्वच्छ. त्या बाजूला ताईचं रान: गुडघाभर हिरवं, त्यात पिवळं, त्यात जांभळं, आणि त्या सगळ्यातून ससे असे फिरायचे जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. बांधावर ताईने काटेरी झुडपं वाढू दिली. तिथे मुंगूस राहायला आलं. ओळंबा लोकांना सांगायचा, "ताईची तब्येत जरा बरी नसते हल्ली." हे ताईच्या कानावर गेलं तेव्हा ती बांधावरून त्याच्याकडे एवढ्या तुरुतुरु चालत आली की त्याचा तो बहाणा तिथेच संपला.

सगळ्यांत जास्त बोलायचा तो पलीकडचा बटाटेवाला. त्याचं शेत दोघांच्याही भागांना लागून होतं. तो ताईचा जुना विद्यार्थी, त्यामुळे तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. पण ओळंबा एकटा सापडला की सुरू. "काय ओळंबाशेठ, बाईंच्या शेतात वाघ कधी सोडताय?"

शेवटी एका दिवशी ओळंब्याने चिडून ताईला सांगितलं, "तुझी माती माझ्या मातीपेक्षा चांगली आहे हे मला सिद्ध करून दाखव. नाहीतर मी सोमवारी नांगर घालतो."

ताईचा चेहरा खुलला. सिद्ध कर म्हणणारा विद्यार्थी तिला सदतीस वर्षांत क्वचितच मिळाला होता. ती थेट घरात गेली आणि भावजयीशी काहीतरी कुजबुजली. भावजयीचं मशीन थांबलं. मग दोघींचं हसणं शेडपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी ओळंब्याला कळलं की आपल्या दोन कोऱ्या पांढऱ्या सुती चड्ड्या कपाटातून गेल्या आहेत.

"अहो, प्रयोग आहे," बायको म्हणाली. "एक तुमच्या शेतात पुरायची, एक ताईंच्या. दोन महिन्यांनी काढून बघायच्या. मी कमरेला लाल नायलॉनचा दोरा घातलाय, म्हणजे ओळखू येतील."

"माझ्याच का? तुझ्या भावाच्या का नाही?"

"त्याच्या सुती नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने दोन खड्डे खणले, चड्ड्या नीट पसरून ठेवल्या, माती लोटली आणि वर एकेक काठी रोवली. बटाटेवाला लांबून बघत होता. दुपारपर्यंत सगळ्या गावाला समजलं की ओळंब्याने शेतात चड्ड्या पेरल्या आहेत. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तर पीक कधी येणार म्हणून गंभीर चेहऱ्याने चौकशी केली.

दोन महिन्यांनी उकरायचा दिवस आला. ताईने कुणाला बोलावलं नव्हतं, पण वीस-बावीस माणसं जमली. बटाटेवाला घरून स्टूल घेऊन आला होता.

आधी ओळंब्याचा भाग. त्याने स्वतःच फावडं घेतलं. माती ढेकळांनी निघत होती. एकेक ढेकूळ वीट असल्यासारखं. हातभर खोलीवर चड्डी लागली. त्याने ती बाहेर काढून झटकली. मळलेली होती, पण अख्खी! शिवण शाबूत, इलॅस्टिक शाबूत, एक भोक नाही. ओळंब्याची छाती फुगली. दोन्ही हातांनी ती सगळ्यांना दिसेल अशी धरून तो म्हणाला, "बघा! धुऊन घेतली तर उद्या घालता येईल. माझ्या मातीने काही म्हणजे काही बिघडवलेलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई आपल्या भागात गेली. तिथे फावड्याची गरजच पडली नाही, खुरप्यानेच माती निघत होती, काळी आणि भुसभुशीत. ती उकरत राहिली. चड्डी काही लागेना.

"बाई, चोरीला गेली वाटतं," बटाटेवाला म्हणाला.

तेवढ्यात ताईने चिमटीत धरून एक वस्तू वर काढली. एक इलॅस्टिक. त्याला लाल दोरा. आणि दोऱ्याला लोंबकळणारं गांडूळ. बाकी काहीच नाही.

"बाळ," ताई म्हणाली, "सुती कापड म्हणजे काय?"

"कापूस," ओळंबा पुटपुटला. तिच्यासमोर उत्तर आपोआप बाहेर पडायचं.

"आणि कापूस म्हणजे झाडाचाच भाग. पालापाचोळ्यासारखा. जिवंत मातीत लाखो जीव असतात, ते त्याचा फडशा पाडतात. मग तुझी चड्डी अख्खी का राहिली?"

ओळंबा हातातल्या चड्डीकडे बघत राहिला. तो अजून ती उंच धरूनच उभा होता. "माल चांगला होता," तो हळूच म्हणाला.

"खाणारं कुणी नव्हतं," ताई म्हणाली.

लोक हसले, पण ओळंब्याला ते ऐकू आलं नाही. सगळे गेल्यावर तो एकटा मागे राहिला. ऊन उतरलं होतं. त्याने आपल्या शेतातली मूठभर माती नाकाशी धरली. तिला कसलाच वास नव्हता. मग बांध ओलांडून त्याने ताईची माती उचलली. तिला वास होता, आणि तो त्याला लगेच ओळखू आला. तो पंचविशीत पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसला तेव्हा विहिरीकडच्या भागालाही हाच वास यायचा. तेव्हा नांगराच्या मागे पन्नास-पन्नास बगळे चालायचे. ओळंब्याची अशी पक्की समजूत होती की ते त्याची नांगरट बघायला येतात. पुढे ते कमी होत गेले. आता तर तीन-चार आले तरी खूप. नवा ट्रॅक्टर आवाज फार करतो म्हणून येत नसतील, असं तो धरून चालला होता. आता त्याला उमगलं की ते गांडुळं खायला यायचे. आणि आपणच ताट वाढून, वाढून, ते रिकामं केलं होतं.

पुढच्या सोमवारी त्याने नांगर काढला नाही. मिस्त्री आडून आडून विचारायला आला, तर म्हणाला, "फाळ बोथट झालेत." फाळ चमकत होते.

पुढच्या हंगामात ताईला घेवडा पेरायचा होता, आडव्या केलेल्या हिरव्यातूनच, न नांगरता. त्यासाठी लागणारं पेरणी यंत्र ओळंब्याने स्वतः जाऊन भाड्याने आणलं. त्या कोंदट शेडमध्ये मिस्त्रीबरोबर दोन दिवस बसून ते ट्रॅक्टरला जोडलं. "हे काय ताईसाठी नाही," तो बायकोला म्हणाला, "मला यंत्र बघायचं होतं." बायकोने मान डोलावली आणि मशीनचं चाक फिरवलं.

यंत्र हळू चालवावं लागायचं. एवढ्या हळू ओळंबा शेतात कधी फिरला नव्हता. तिसऱ्या तासाला समोर काहीतरी ओरडलं. टिटवी! पिवळ्या काडीसारख्या पायांवर ती ट्रॅक्टरच्या बरोबर समोर उभी होती आणि ओळंब्याला खाऊ का गिळू असं बघत होती. त्याने हॉर्न वाजवला. ती त्याहून मोठ्याने ओरडली. तो थोडा पुढे गेला, तर उडून तिने त्याच्या टोपीवरच झडप घातली. मग जमिनीवर उतरून एक पंख मोडल्यासारखा ओढत ती बाजूला सरपटायला लागली.

"अरे, लागलं की काय हिला!" ओळंबा घाबरून खाली उतरला आणि तिच्या मागे गेला. वीस पावलं गेल्यावर तिचा पंख अचानक बरा झाला आणि ती आरामात उडून गेली. ओळंबा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एवढीशी ती, आणि तिने त्याला चक्क बनवलं होतं. तो ट्रॅक्टरपाशी परत आला तेव्हा पुढच्या चाकापासून दीड हातावर त्याला चार खडे दिसले. खडे नव्हते ते. अंडी होती, मातीच्याच रंगाची, ठिपकेदार.

तो उकिडवा बसून बघत राहिला. तेहेतीस वर्षांत नांगराखाली अशी किती गेली असतील? वरून त्याला कधी काही दिसलंच नव्हतं. त्याची नजर कायम दुसऱ्या टोकाला लागलेली असायची.

मग त्याने स्टिअरिंग वळवलं. तास डावीकडे गेला, अंड्यांना वळसा घालून पुन्हा जागेवर आला. पुढचा तास त्या वळशाच्या बाजूने, त्याच्या पुढचाही. शेत संपलं तेव्हा मधोमध सापाने उंदीर गिळल्यासारखा फुगवटा दिसत होता. मिस्त्रीने तो रस्त्यावरून बघितला आणि सायकल थांबवली. "ओळंबा, डोळे तपासून घे बाबा," तो कळवळून म्हणाला.

"हे डोळ्यांचंच काम आहे," ओळंबा म्हणाला.

महिनाभर तो रोज सकाळी बांधावर जाऊन बसायचा. टिटवी रोज त्याच्यावर ओरडायची. ओळख झाली म्हणून तिने आवाज कमी केला नाही. मग एका सकाळी घरट्यात फक्त कवचं होती, आणि चार पिल्लं, एकेक कापसाच्या बोळ्याएवढं, आईच्या मागे तुरुतुरु पावलं टाकत चालली होती. ती घेवड्यातून निघाली, ओढ्याच्या बाजूने वळली आणि सरळ बटाटेवाल्याच्या शेतात शिरली.

ओळंब्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्याच दिवशी बटाट्याला मातीची भर लावायचं काम ठरलेलं होतं, आणि ते लावणार होता तो स्वतः.

बटाटेवाला बांधावर वाटच बघत होता. "ट्रॅक्टर कुठाय?"

"दोन दिवस थांबू या का?"

"का? बिघडलाय?"

"नाही. तुझ्या शेतात पाहुणे आलेत." आणि ओळंब्याने त्याला सगळं सांगितलं. बटाटेवाला ऐकता ऐकता हसायला लागला.

"म्हणजे टिटवीच्या पोरांसाठी मी बटाटे उघडे ठेवू? शेठ, तुम्हालाही बाईंची बाधा झाली!"

"झाली," ओळंबा म्हणाला. "पण दोन दिवसांच्या उन्हाने बटाटा काही हिरवा पडत नाही. नंतर मी पहाटे येऊन एका दिवसात सगळं उरकून देतो. नाहीतर तू दुसऱ्या कुणाला बोलाव. मी आज तिथे यंत्र घालणार नाही."

तेहेतीस वर्षांत ओळंब्याने कुणालाही काम नाकारलं नव्हतं. बटाटेवाल्याचं हसू थांबलं. "बरं, दाखवा तरी," तो म्हणाला.

दोघं सऱ्यांमधून वाकून चालू लागले. टिटवी डोक्यावर थयथयाट करत होती. तीन पिल्लं सापडली. चौथं काही दिसेना. ओळंबा जागच्या जागी थिजला. "हलू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"बुटाजवळ बघ."

बटाटेवाल्याने खाली बघितलं. पानाखाली, त्याच्या बुटापासून चार बोटांवर, एक ढेकूळ होतं. ढेकळाला डोळा होता. आणि तो डोळा मिटला, उघडला.

"आयला," बटाटेवाला कुजबुजला. "हे तर मी आत्ता तुडवलं असतं." एवढा मोठा माणूस, पण पाय उचलायची त्याची छाती होईना. "आता बाहेर कसं पडायचं हो?"

"हळू," ओळंबा म्हणाला. "आधी जमीन बघायची, मग पाऊल टाकायचं."

मग ते दोघं एकमेकांचा हात धरून, एकेक पाऊल बघून टाकत बांधाकडे निघाले. त्यांना बराच वेळ लागला.