फवारा

मेडशीजवळ आमची गाडी धक्के खात बंद पडली. शिरपूरला लग्न होतं आणि मागे बसलेली नवरी, म्हणजे माझी धाकटी बहीण, रडकुंडीला आली. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर काढून तपासायच्या मशीनवर लावले. एकातून नुसते थेंब गळत होते.

"ताई, पाहा," तो बहिणीला म्हणाला, "पेट्रोल धुक्यावानी उडलं त नीट जळते. याचं तोंड बुजलं, म्हून थेंब पडून राह्यले."

साफ केल्यावर बारीक फवारा उडाला, तशी त्याने स्वतःच टाळी वाजवली. बहीण हसली.

इंजिनाचा आवाज ऐकायला तो डोळे मिटून माझ्या शेजारी बसला आणि मी गाडी शिरपूरकडे काढली. लग्नाच्या मांडवापाशी डोळे उघडले आणि दचकला. "अरे, दुकान उघडंच राह्यलं."

बहिणीने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. लग्नाच्या फोटोत तो आहे, तेलकट हात पाठीमागे लपवून हसणारा. नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.